आधी आपल्या घरातून

धम्मदीप माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन वाडीला आले तेव्हा तो नववीत होता आणि सारखा डोळे चोळायचा. सासूबाई हातावर चापट मारायच्या, तो हात खाली घ्यायचा, थोड्या वेळानं पुन्हा तेच. आम्हाला काही विशेष वाटलं नाही. अमरावती रोडची धूळ, ट्रकांचा धूर, इथं कोणाचे डोळे खाजत नाहीत? चष्म्याचा नंबर मात्र दरवर्षी बदलत गेला. चष्मेवाला म्हणाला, वाढत्या वयात असं होतं. आम्ही मानलं.

बारावीनंतर तो एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागला. काम मार्का वाचायचं. मालाच्या प्रत्येक गठाणीवर, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यावर, काळ्या शाईनं गावाचं नाव आणि नंबर लिहिलेला असतो, त्याला तिथं मार्का म्हणतात. तो मार्का वाचून यानं आवाज द्यायचा आणि हमालांनी गठाण त्या गावच्या ट्रककडे न्यायची. आवाज त्याचा मोठा आणि स्वच्छ. विहारात पौर्णिमेला वंदना घ्यायलाही त्यालाच पुढं बसवायचे. सासूबाई तेव्हा शेवटच्या रांगेत बसायच्या आणि डोळे मिटून फक्त त्याचा आवाज ऐकायच्या.

पंचविशीत तो गठाणीवर वाकायला लागला. मान तिरपी करून, एक डोळा बारीक करून, नाक टेकेपर्यंत जवळ जायचा. हमाल म्हणायचे, "साहेब मार्का वाचून राहिले का वास घेऊन राहिले?" तोही हसायचा. घरी येऊन हा किस्सा त्यानंच आम्हाला सांगितला. पण एक दिवस अकोल्याच्या गठाणी अकोटला गेल्या. शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं धम्मदीपला गेटवर बसवलं आणि सांगितलं, डोळे दुरुस्त करून ये, तुझी जागा तुझीच आहे.

मग मोठा दवाखाना झाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बुबुळावरचा काचेसारखा पडदा पातळ होऊन भोवऱ्याच्या टोकासारखा पुढं आला आहे. केरॅटोकोनस म्हणतात त्याला. चोळून चोळून तो आणखी वाढला. आधी आला असता तर वाढ थांबवता आली असती. आता डाव्या डोळ्याला कडक लेन्स लावून दिवसातले चार-पाच तास निभतील, तेही धूळ नसली तर. उजव्या डोळ्यावर व्रण पडला होता. तिथं मेलेल्या माणसानं दान केलेला पडदा बसवणं हाच उपाय होता. नेत्रपेढीच्या यादीत त्याचं नाव लागलं. फोन नंबर माझा दिला, कारण गेटवरच्या हॉर्नमध्ये त्याला फोन ऐकू येत नसे.

मी एकदा त्याला विचारलं, तुला नेमकं दिसतं तरी कसं? म्हणाला, "दिव्याले शेपट्या फुटतात, वहिनी. आन् तुमचे तोंडं तीन-तीन दिसतात. तिन्ही रागावलेले."

यादीत नाव लागलं हे ऐकून आमचे मिस्टर खूश झाले. सासूबाई झाल्या नाहीत. सासूबाईंचं नाव मीराबाई. शिकल्या नव्हत्या, पण धम्माचं जे समजलं ते धरून ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "आपल्या घरातून कोणी देल्याशिवाय दुसऱ्याच्या घरचं काहून मागाचं वं?"

मी म्हटलं, यादी आहे आई, त्यात असं काही नसतं. त्या म्हणाल्या, यादीत नसन, माणसात असते. आणि त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म आणायला लावला. अंगठा चालला असता, पण त्या सही करायला शिकल्या होत्या. सही केली. फॉर्मसोबत सूचनांचा कागद होता. तो मीच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. गेल्यावर लगेच कळवा, सहा तासांच्या आत. पापण्या मिटवा. वर ओला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी द्या. पंखा बंद करा. धम्मदीप तिथंच बसून शेंगा सोलत होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, "आता माग गा, बेधडक माग." त्यानंतरच तो यादीची चौकशी करायला माझ्याबरोबर यायला लागला.

वर्ष गेलं. फोन आला नाही. मे महिन्यात एका सकाळी सासूबाई चहा ठेवायला उठल्या आणि ओट्याजवळच बसल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत. डॉक्टर येऊन बघून गेले. साडेसात वाजले असतील. ऊन तेव्हाच भिंतीला लागलं होतं.

सावनेरहून माझ्या नणंदा येईपर्यंत थांबायचं होतं. पुढच्या खोलीत पांढरी चादर टाकून सासूबाईंना ठेवलं, मेणबत्ती लावली. धम्मदीपनं मागच्या खोलीतला कूलर ओढत आणला आणि त्यांच्या डोक्याशी लावला. त्यांना उष्णता सोसत नव्हती. हयातीत मात्र कूलरपुढची जागा त्या त्यालाच द्यायच्या. त्या दिवशी नळाचा दिवस नव्हता. कूलरमधलं पाणी तासाभरात संपलं आणि मग तो नुसता कोरडा वारा फेकत राहिला.

सासूबाईंच्या पापण्या अर्ध्या उघड्या होत्या. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तसं असतं कधीकधी, म्हणून कोणी हात लावला नाही. धम्मदीपला ते दिसलंच नाही. तो आईच्या पायाशी बसून त्रिशरण म्हणत होता. आणि मी, जिनं तो कागद वाचला होता, आल्या-गेल्याला पाणी देत फिरत होते. नेत्रपेढीला फोन करायचं मिस्टरांच्या लक्षात आलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

पेढीची एक तरुण मुलगी आणि एक मदतनीस आले. वेळ सहा तासांच्या आत होती. मुलीनं टॉर्च लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग हळूच विचारलं, "कूलर कधीपासून चालू आहे?"

"सकाळपासून," धम्मदीप म्हणाला. "मीच लावला."

तिनं टॉर्च खाली ठेवला. डोळे घेतले, पापण्या नीट मिटवून दिल्या, हात जोडले आणि गेली. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. पडदे सुकले होते. कोणाला बसवता येणार नव्हते. शिकणाऱ्या डॉक्टरांच्या सरावाला उपयोगी पडतील, तेही दानच आहे, असं त्या मुलीनं सांगितलं. मी धम्मदीपपासून लपवायचं ठरवलं होतं, पण त्यानं सरळ विचारलं आणि मला खोटं बोलता येत नाही.

मग सप्टेंबरात, सकाळी दहाला, फोन आला. उजव्या डोळ्यासाठी पडदा आला होता. दोनपर्यंत भरती व्हायचं. मी चप्पल घालून गोदामाकडे जवळजवळ पळत गेले. गेटवर तो स्टुलावर बसला होता. मी सांगितलं, तर उठलाच नाही. माझ्याकडे बघत राहिला, म्हणजे माझ्या चेहऱ्याच्या शेजारी कुठं तरी.

"मी नाही येत, वहिनी."

मी भीती समजले. डोळ्याचं ऑपरेशन आहे, भीती वाटणारच. पण तो म्हणाला, "मायनं सांगतलं होतं, आधी आपल्या घरातून. आपल्या घरातून गेले नाही. मी वाळवले."

मी त्याला खूप सांगितलं. आईनं मनानं दिलं होतं, आणि दान मनाचं असतं. चूक माझी आहे, कागद मी वाचला होता. ट्रक आत येत होते, तो उठून साखळी सोडायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. मिस्टर आले, त्यांनी शिव्या घातल्या. मी विहारातल्या भंतेजींना फोन लावून दिला. भंतेजींचं त्यानं सगळं ऐकून घेतलं, "होय भंतेजी" म्हणाला आणि फोन मला परत दिला. दीड वाजता दवाखान्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नाही येत. त्यांनी यादीतलं पुढचं नाव घेतलं.

संध्याकाळी जेवताना त्यानं विचारलं, कोणाले बसवला? मी चौकशी केली होती. नाव सांगत नाहीत, पण मुलगी आहे, अकरावीतली, एवढं कळलं होतं. "चांगलं झालं," तो म्हणाला आणि भाकरीसाठी हात पुढं केला. हात ताटलीच्या बाजूला पडला. मी भाकरी त्याच्या हातात दिली.

त्याला आता दोन वर्षं होतील. शेठनं मार्का वाचायला दुसरा माणूस ठेवला, धम्मदीप गेटवरच आहे. डाव्या डोळ्यातही पांढरं दिसायला लागलं आहे, लेन्स तासभरही सोसत नाही. मी त्याला न विचारता त्याचं नाव पुन्हा यादीत लावून आले. त्याला कळलं तेव्हा तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

बुद्धाला काही मागायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. आणि डोळा मागणं म्हणजे कोणाच्या तरी घरी मरण मागणं, तेही मला जमत नाही. तरी रोज मेणबत्ती लावताना मी थोडं जास्त थांबते. फोन येईल तेव्हा येईल. तो आला की धम्मदीपनं स्टुलावरून उठावं, एवढंच मनात येतं.