गैरहजेरीची कारणं

आमच्या हजेरीपटात शेवटचा रकाना 'शेरा' असा आहे. बोटभर रुंद. बाई वर्गाला का आली नाही, ते त्यात लिहायचं. सुरुवातीला मी इमानदारीत लिहायची, 'पाणी आलं', 'पाहुणे', 'सासरे पडले'. पण खरी कारणं एवढी लांब असायची, की ती त्या रकान्यातून बाहेर यायची आणि सुलभाच्या नि माझ्या चहात पडायची. चार वर्षांत असे इतके किस्से साठले, की आता कोणी 'वर्ग कसा चाललाय?' विचारलं तर मी आधी पंखा लावते आणि त्यांना बसायला सांगते.

वर्ग म्हणजे आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीचा हॉल, दुपारी दोन ते साडेतीन. मी शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाले. सुलभा माझी शेजारीण, तिचीही नोकरी संपलेली. दोघींनाही अ-आ-इ शिकवायचा अनुभव शून्य.

*

पहिलं काम आम्ही काय केलं, तर फ्लेक्स लावला. 'लिहिता-वाचता न येणाऱ्या महिलांसाठी मोफत वर्ग. इच्छुकांनी संपर्क साधावा.' शेजारी माझा पासपोर्टचा फोटो. फ्लेक्सवाल्याने प्रेमाने फोटोभोवती झेंडूची फुलं घातली. "बॉर्डर आपल्याकडून फ्री, मॅडम."

पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही. मग सुलभा म्हणाली, "अगं, पण हे वाचणार कोण?"

त्याच रविवारी सकाळी मेरीबाय दारात. माजिवड्याच्या पलीकडच्या जुन्या गावठाणातून आमच्याकडे सुके बोंबील घेऊन येते ती. त्या दिवशी टोपली नव्हती. आत आली, आमच्या ह्यांचा हात धरला आणि रडायला लागली. "भाऊ, बाई लय चांगली होती."

ह्यांना वाटलं कामवाली गेली. तेही गंभीर झाले. तेवढ्यात मी चहा घेऊन बाहेर आलेले.

मेरीबायने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मना वाटला तू गेलीस. नाक्यावर फोटो लावलाय, फुला घालून."

"अगं, खाली काय लिहिलंय ते वाचलं नाहीस?"

"वाचता आला असता तं रडत आली असती कशाला?"

चहा पिऊन झाल्यावर तिचं नाव हजेरीपटात पहिलं लिहिलं.

*

फ्लेक्स उतरवला आणि आम्ही घरोघर फिरायला लागलो. त्यात एक गोष्ट कळली, की ठाण्यात निरक्षर कोणीच नाही. सगळ्यांचा फक्त चष्मा हरवलेला असतो.

एका चाळीत एक काका खाटेवर बसलेले. सुलभाने फॉर्म पुढे केला, "यावर तुमचं नाव वाचून बघा जरा."

"चष्मा घरी राहिला," काका म्हणाले.

"काका, आपण घरीच आहोत ना?"

काकांनी फॉर्म परत केला. "गावच्या घरी," म्हणाले.

*

डोंबिवलीला मानपाड्यात, कारखान्यांच्या जवळ, असाच एक वर्ग होता. तिथे कोणी येत नाही म्हणून ओरड. वरून एक साहेब चौकशीला आले, आणि मदतीला म्हणून मीही गेलेले. साहेबांनी रिकाम्या सतरंजीकडे बघून लिहिलं, 'महिलांमध्ये शिक्षणाविषयी उदासीनता आढळते.' मी शेजारी बसून मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं.

निघताना कमल नावाची बाई भेटली. पॅकिंगच्या कामाला जाणारी, त्या दिवशी अंगात ताप म्हणून घरी होती. तिने विचारलं, "साहेब, काय लिवलं?"

साहेबांनी वाचून दाखवलं.

"उदासीनता म्हणजे?"

"म्हणजे इच्छा नसणं. मनावर न घेणं."

"वर्ग कधी असतो?"

"सोमवार ते गुरुवार, दुपारी तीन वाजता."

"आमी कंपनीत असतो तवा. सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी कोन येतं शिकवायला?"

"शुक्रवारी कोणी नाही येत."

"मग ते जे लिवलंय ना," कमल म्हणाली, "त्यात महिला खोडा नि तुमचं नाव टाका."

साहेब माणूस चांगला होता. त्यांनी कागद फाडला आणि वर्ग शुक्रवारी नेला. पहिल्याच शुक्रवारी एकवीस बायका आल्या आणि सतरंजी कमी पडली.

*

मेरीबाय चार महिन्यांत सही करायला शिकली. बँकेत जाऊन अंगठा बदलून सही लावून आली. त्या दिवशी वर्गात सगळ्यांना तिने बोंबील वाटले, आणि पुढे दोन आठवडे हॉलमध्ये सोसायटीची मीटिंग होऊ शकली नाही.

नाताळच्या आधी बँकेत गेली तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मावशी, सही जुळत नाही."

"कशी जुळंल? तवा मी नवीन होती. आता हात सुधारला."

"पण मला कार्डावरच्यासारखीच पाहिजे."

"पयल्यासारखी वाईट काढू?"

त्याचाही नाइलाज होता. मेरीबायने तिथेच सहा-सात वेळा वाईट काढायचा प्रयत्न केला, पण जमेना. "मग परत अंगठाच ठेवू या का?" असं तो म्हणाला, तशी ती उठून थेट वर्गात आली. रागाने लाल झालेली. अंगठा परत लावणार नाही म्हणाली, मेली तरी नाही.

मग काय करणार? तिच्या जुन्या वहीतलं पहिलं पान काढलं. 'म'चा पाय तुटलेला, 'री'ची वेलांटी छपरावरून घरंगळलेली. भूगोलाची बाई आणि तिची मैत्रीण, दोघी मिळून पंधरा दिवस एका हुशार विद्यार्थिनीला वाईट अक्षर शिकवत होतो. सोळाव्या दिवशी सही जुळली.

*

पुरुषांचं वेगळंच. बायकांमध्ये बसायची लाज. आमच्या गेटवरचे वॉचमन पांडुरंगमामा साताऱ्याकडचे, मिशीवाले. ते वर्ग सुरू झाला की दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "राखण करतोय." राखण करता करता पाठ वर्गाकडे, कान आत आणि मधूनच मान वळवून नजर फळ्यावर. वर्षभरात बाहेर बसूनच मामा वाचायला लागले.

गेटवरचं व्हिजिटर रजिस्टर इतकी वर्षं ते लोकांनाच भरायला द्यायचे. "स्वतःच्या हाताने भरायचं, नियम आहे." कडक माणूस म्हणून सोसायटीने त्यांचा सत्कारही केलेला.

एक दिवस ते रजिस्टर घेऊन पहिल्यांदाच वर्गाच्या आत आले. "बाई, हे बघा बरं, मी बरोबर वाचतोय का?" आणि बोट ठेवून वाचायला लागले. "नाव, वा-घ."

"असतं आडनाव," मी म्हटलं.

"कुठून आले, जं-गल. कोणाकडे, शे-ळी. काम, जे-वण."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मामांनी पान उलटलं. तिथेही तसलंच काहीतरी होतं. पुढच्या पानावरही. मामा हसले नाहीत. रजिस्टर मिटून निघून गेले.

तीन दिवस खुर्ची रिकामी. चौथ्या दिवशी मी गेटवर गेले. म्हणाले, "वाचता येत नव्हतं तेच बरं होतं, बाई. सगळे मला मान देतात असं वाटायचं."

  मग रजिस्टर जवळ ओढून म्हणाले, "उद्यापासून मीच लिहिणार. सगळ्यांनी फक्त तोंडाने सांगायचं."

तेव्हापासून गेटवर रांग लागते. गेल्या रविवारी माझ्याकडे क्षीरसागर म्हणून एक जुने सहकारी आलेले. त्यांचं नाव ऐकून मामांनी पेन खाली ठेवलं. "घरात काय म्हणतात तुम्हाला?"

रजिस्टरात नोंद आहे : बाळू.

*

आणि रेखा. मागच्या चाळीतली. लग्न जमवताना तिच्या माहेरच्यांनी 'मुलगी आठवी पास' सांगितलेलं. प्रत्यक्षात ती शाळेत गेलीच नव्हती. अकरा वर्षं हे कोणाला कळू न देता तिने संसार केला. घरी शिवणक्लास सांगून ती आमच्याकडे यायची.

तिसऱ्या आठवड्यात दारात तिची सासू, इंदूबाई. त्या घरी भजन सांगून आलेल्या.

"तू इथे कशी?" सासू.

रेखाने वही पदराखाली सरकवली. सुलभा पटकन म्हणाली, "तिला आम्ही मदतनीस ठेवलंय. शिकलेली आहे ना."

झालं. तेव्हापासून मदतनीसबाई साडेबाराला माझ्या स्वयंपाकघरात येऊन अक्षर शिकायची आणि दोन वाजता तेच सासूला शिकवायची. सासूच्या एक दिवस पुढे, असं वर्षभर चाललं.

कार्तिक संपत आला तशी रेखा काळजीत पडली. "बाई, आईंची जोडाक्षरं मार्गशीर्षानंतर घ्या ना."

"का गं?"

मग तिने सांगितलं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पोथी वाचायचं काम शिकलेल्या सुनेचं. दरवर्षी ती पोथी समोर धरायची, पानं उलटायची आणि माहेरी आईकडून ऐकलेली कहाणी मनाने सांगायची. "एक वाक्य मी माझं घातलंय शेवटी. त्या दिवशी सुनेने चुलीपाशी जाऊ नये, सासूने स्वयंपाक करावा."

"मग?"

"अकरा वर्षं त्याच करतात."

जोडाक्षरं काही थांबवता आली नाहीत. इंदूबाई फार वेगाने पुढे चाललेल्या. पहिल्या गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला आणि शेजारणींना बोलावलं. "यंदा पोथी मी वाचणार."

मी त्यांच्या शेजारी बसलेले. रेखा दाराला टेकून उभी, हातात आरतीचं ताट. इंदूबाई बोट ठेवून वाचत गेल्या. अडखळल्या, पण एक शब्द सोडला नाही. अर्धा तास लागला. शेवटचं पान आलं. शेवटची ओळ झाली. त्याखाली छापलेलं कमळाचं चित्र, आणि बाकी कोरा कागद.

इंदूबाई थांबल्या. पान उलटून मागे बघितलं. परत पुढे आल्या. मान वर करून एकदा रेखाकडे बघितलं, बराच वेळ.

मग कमळावर बोट ठेवलं आणि न अडखळता वाचलं, "त्या दिवशी सुनेने चुलीपाशी जाऊ नये. सासूने स्वयंपाक करावा."

"आमच्या पोथीत असं नाही हो," एक शेजारीण म्हणाली.

"तुमची छोटी असेल," इंदूबाई म्हणाल्या. पोथी मिटून कपाळाला लावली, पदर खोचला आणि भाजी फोडणीला टाकायला आत गेल्या.