वाट्यांतला उजेड

कर्जतच्या चारफाट्यावरून रोहिदासला रोज जावं लागायचं आणि रोज तो मान वळवून उसाच्या रसाच्या गाड्याकडे बघायचा. रस त्याला मुळीच आवडत नव्हता. पण दुसऱ्या बाजूला भाग्यश्रीचं मंगळसूत्र होतं.

उंच फलकावर, खोलीएवढं मोठं. सोन्याच्या दोन वाट्या, काळे मणी आणि नवरीच्या गळ्यावर पडलेली त्यांची सावली. टेंपोवाले वेग कमी करून बघत. गंमत अशी, की त्यात गुंजभरही सोनं नव्हतं आणि नवरीही नव्हती. आकार, झळाळी, सावली, झाडून सगळं संगणकात घडवलेलं, दिवेसुद्धा संगणकातलेच. बाजारातले सराफ नवीनशेठ आता दागिना घडवण्याआधी त्याचं असं चित्र करून घेत. गिऱ्हाइकाला पसंत पडलं, की मगच सोनं वितळायचं.

नवीनशेठना अशी चित्रं करून देणारी माणसं दोन. एक रोहिदास. दुसरी पळसदरीची भाग्यश्री, जिला माउस कसा धरायचा हे रोहिदासनंच आपल्या संगणकाच्या क्लासात शिकवलं होतं. ही हकिकत तो भेटेल त्याला सांगायचा. पुढे ती त्याच्यापेक्षा सरस निघाली, एवढा शेवटचा भाग मात्र गाळून.

रोहिदास मूळचा फ्लेक्सवाला. भावी सरपंचांच्या चेहऱ्यावर तेज चढवावं तर त्यानंच. वाढदिवसाच्या फलकावर काळवंडलेला माणूसही तो असा उजळायचा, की घरचे ओळख विचारत. तोच हात सोन्यावर फिरला आणि घोटाळा झाला. त्याच्या चित्रात सगळंच सारखं चकाकायचं. हार नुकता पाकातून काढल्यासारखा दिसायचा. नवीनशेठ त्याला प्रेमानं जिलबी म्हणत.

भाग्यश्रीचं सोनं सोन्यासारखं का दिसतं, याची रोहिदासकडे पुष्कळ कारणं होती. तिनं परदेशातून संगणकातलं तयार सोनं विकत आणलं असणार. तिचा संगणक महागाचा असणार. तिला कोणीतरी आतून मदत करत असणार. तिची नजर चांगली आहे, हे एकच कारण त्याला सुचलं नाही. जेवताना तो बायकोला, नंदाला, म्हणायचा की त्या पोरीची सावली जरा जास्तच काळी पडलीय. नंदा म्हणायची, भाकरी गार होतेय.

अशात नवीनशेठनी नवी योजना काढली, लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या जोडप्यांसाठी. दोघांनीही मंगळसूत्राचं एकेक चित्र करायचं; ज्याचं सरस, ते चारफाट्यावर चढणार. म्हणजे भाग्यश्रीचं उतरणार. रोहिदासला त्या रात्री गोड झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तो चारफाट्यावर गेला आणि पहिल्यांदाच रसाच्या गाड्याकडे पाठ करून उभा राहिला. फलकाचे भरपूर फोटो काढले, बोटांनी मोठे करकरून पाहिले. आणि त्याला सापडलं. भाग्यश्रीच्या वाट्यांची पोकळ बाजू समोर होती. उजेड त्या पोकळीत शिरत होता आणि तिथंच घुटमळत होता.

मग घरात संगणकापुढे पडदा लागला. चोरी होऊ नये म्हणून नंदालाही आत यायला बंदी. पंखा भातगिरणीसारखा घरघरू लागला. रोहिदासनं दिवे लावले, हलवले, विझवले, काही मण्यांमागे दडवले. कुठला चालू आणि कुठला बंद, याचा त्यालाच पत्ता राहिला नाही. पण चित्र तयार झालं तेव्हा वाट्यांच्या तळाशी असा तांबूस उजेड होता, की तो स्वतःच्याच कामावर भाळला.

निकालाच्या दिवशी नंदाला नवी साडी नेसवून तो दुकानात घेऊन गेला. नवीनशेठनी भिंतीवरच्या टीव्हीवर आधी भाग्यश्रीचं चित्र लावलं. वाट्यांच्या कडा किंचित झिजलेल्या, एखादा मणी विटलेला, वर्षानुवर्षं गळ्यात असलेला दागिना. झिजलेलं सोनं कोण घेणार, अशी रोहिदासनं मनाची समजूत घातली.

मग त्याचं चित्र आलं. नवीनशेठ पुढे वाकले. भाग्यश्री खुर्चीतून उठली.

"अवो," नंदा म्हणाली, "या बाईचं लगीन झालं कधी?"

"पंचवीस वर्षं झाली की."

"मंग वाट्या अजून उलट्या कशा?"

पोकळ बाजू समोर ठेवतात ती नव्या नवरीची. थोडे दिवस, फार तर वर्षभर. मग वाट्या सरळ करून घेतात आणि फुगीर बाजू पुढे येते. भाग्यश्रीचा फलक नवरीचा होता, म्हणून त्यावर तशा. नंदाच्या गळ्यातल्या सरळ वाट्या रोहिदाससमोर रोज ताट वाढत होत्या, पण त्याचं लक्ष चारफाट्यावर.

"रोहिदासभाऊ," नवीनशेठ डोळे पुसत म्हणाले, "पंचवीस वर्षांत बाईला वाट्या फिरवायला टाइम नाय भेटला?"

रोहिदास म्हणाला, एका मिनिटाचं काम आहे, आत्ता फिरवतो. त्यानं तिथंच लॅपटॉप उघडून वाट्या सरळ केल्या. उजेड गेला. जिलबी आली.

फलक भाग्यश्रीला मिळाला. रोहिदास वायर गुंडाळत होता, एवढ्यात ती जवळ आली. उलट्या वाट्या कुठून उचलल्या, हे ती बोलली नाही.

"सर, वाटीच्या तळाला तो तांबूस उजेड कसा आणलात? माझ्या नवरीसाठी मी किती झटले. नाही आला."

ती खालचा ओठ चावत होती. तिचा तो आवाज रोहिदासच्या चांगलाच ओळखीचा होता; वर्षभर तो त्याच्याच पोटातून येत होता.

"ते नाय सांगता यायचं, भाग्यश्री."

"सांगा ना सर. मला रात्री झोप नाही यायची."

"ज्याचं त्याचं असतं गं काहीतरी," तो म्हणाला आणि ताठ मानेनं पायऱ्या उतरला. हरून इतक्या ऐटीत घरी जाणारा माणूस कर्जतच्या बाजारानं पाहिला नसेल.

घरी येताच त्यानं चित्र उघडलं आणि त्यातला एकेक दिवा मालवून बघू लागला. नंदानं विचारलं, आता काय शोधताय?

"माझं गुपित."

"आनि सापडलं तर?"

"तर लपवून ठेवीन," रोहिदास म्हणाला आणि पुढचा दिवा मालवला.