पहिल्या मागणीपाशी अडलेलं ॲप

ज्याला कचेरी नाही, फाटक नाही, शिपाई नाही, अशा माणसावर मोर्चा कसा न्यायचा, सांगाल तुम्ही? मला अजून कळलेलं नाही.

धामणगाव बढ्यात आमच्या चळवळीतले एक जुने कार्यकर्ते राहतात. मी त्यांना काका म्हणते. मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवरून. पत्रक कसं लिहायचं हेही त्यांनीच शिकवलं: वर आवाहन, मध्ये अन्याय, खाली आकडे घालून मागण्या. मग त्यांची नजर गेली आणि मी त्यांना वाचून दाखवायला जाऊ लागले. एक दिवस ते म्हणाले, "पोरी, तू तुह्या मनानं वाचतं. मले पटणार नाही ते भरभर उरकतं." खोटं नव्हतं.

म्हणून त्यांच्या फोनवर, कागदाचा फोटो काढला की मजकूर वाचून दाखवणारं एक ॲप टाकलं. मोफत, आणि त्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, बदलता येतो. हे तर आपलंच तत्त्व! पहिलं पत्रक लावलं ते माझंच, एसटी स्टँडवर बायकांसाठी संडास हवा म्हणून लिहिलेलं. ॲपमधली बाई 'बंधू-भगिनींनो'पासून ठणठणीत वाचत आली, 'आमच्या मागण्या' म्हणाली, आणि पुढे 'एक' म्हणायच्या ऐवजी परत 'बंधू-भगिनींनो'! पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"काऊन वं, ही बाई मागणी आली का पयते?" काका हसले. पण मग त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि कागद परत माझ्याच हातात दिला, वाचायला. ते मला लागलं.

देवनागरी आकडा आला की ॲप अडत होतं. इंग्रजी आकडे घातले की चालायचं. पण का घालायचे? आणि काकांच्या कपाटातल्या जुन्या पत्रकांचं काय?

ॲपच्या तक्रारींच्या पानावर मी इंग्रजीत लिहिलं ते पत्रकच होतं. भाषेवरचा अन्याय, जाहीर निषेध, चार मागण्या. वर आमच्या गावच्या अभ्यासिकेतल्या सत्तावीस जणांना खाती उघडायला लावली आणि प्रत्येकाकडून 'माझा पाठिंबा आहे' लिहून घेतलं. एकानं विचारलं, "ताई, पण ॲप कोन्तं हाये?"

"तू आधी लिही."

दुसऱ्या दिवशी ती चर्चा बंद केलेली होती. खाली ॲप सांभाळणाऱ्यानं लिहिलं होतं: मी एकटाच हे बघतो, नोकरीतून वेळ मिळेल तेव्हा. सत्तावीस मेल आले. फोन कोणता, ॲपची आवृत्ती कोणती, काय केल्यावर काय होतं, हे एकातही नाही.

मी तावातावानं काकांना सांगितलं, "कागद मागून दमवायची जुनीच चाल आहे ही!"

"त्यानं इचारलं काय?"

"फोन कोणता."

"मंग सांग ना! मोर्चा काहाले नेला त्याच्या घरावर?"

मी नवी तक्रार लिहिली, पाच ओळींची. उत्तर आलं: आभार. मला मराठी येत नाही. दुरुस्ती तुम्हीच पाठवाल का?

मी चक्रावले. मागणी आम्ही करायची आणि ती पुरीही आम्हीच करायची? खामगावच्या कॉलेजात शिकलेलं थोडं कामी आलं, तीन ओळींत जमलं. पण त्या ओळींच्या वर मी निषेधाचं एक वाक्य टाकलं, आणि ज्या प्रोग्रॅममध्ये कोड लिहिला त्यानं माझ्या नकळत अख्ख्या फाइलची मांडणी बदलली. काम परत आलं: तीन ओळींसाठी चारशे ओळी का बदलल्या? निषेध कोडमध्ये नको. हा अपमान होता का? की काका लाल पेनानं कागद परत द्यायचे, तसलं काही? दोन दिवस ठरेना. शेवटी मुकाट्यानं तीनच ओळी पाठवल्या.

त्या दुरुस्तीची चाचणी आवृत्ती काकांच्या फोनवर टाकली आणि तेच संडासाचं पत्रक लावलं. बाई म्हणाली, "एक." मग दोन. मग तीन.

"थांबव," काका म्हणाले. "डेपोच्या साहेबाले निलंबित करा? हे तू मले नीट वाचून नाही दाखवलं. साहेब घरी गेला म्हणजे संडास होते का?"

आम्ही तासभर भांडलो. मी जिंकले की हरले, मला सांगता येत नाही.

दुरुस्ती अजून मुख्य ॲपमध्ये गेलेली नाही. एकाच फोनवर तपासलेली दुरुस्ती ॲप सांभाळणारा घेत नाही, आणि मराठी ऐकून बरोबर-चूक सांगणारं त्याच्याजवळ कोणी नाही. पुढचं अपडेट तिच्याशिवाय आलं, तर काकांच्या फोनवरूनही ती जाईल आणि कागद परत माझ्या हातात येईल. म्हणून मागते: चाचणी आवृत्ती माझ्याकडून घ्या, देवनागरी आकडे घातलेलं एक मराठी पान लावा, शेवटपर्यंत ऐका. फोन कोणता, काय लावलं, काय ऐकू आलं, ते तक्रारींच्या पानावर तुमच्या शब्दांत लिहा. नुसता पाठिंबा कळवू नका.