शिगवण काकांची साइट ऐकलीत का?

सोसायटीच्या ऑफिसात एक कपाट असतं बघा, त्यात कुणीच काही ठेवत नाही, तरी ते कायम भरलेलं असतं. आमच्या रविवारच्या क्लासचे किस्से तसेच साठलेत. इंद्रलोक वस्तीत आमच्याच सोसायटीच्या ऑफिसात मी लोकांना वेबसाइट करायला शिकवते, फुकट. वीस वर्षं नोकरीत हेच केलं, एकेक ओळ हाताने लिहून. त्यामुळे ब्राउझरमध्ये एक फुकट वेबसाइट-बिल्डर उघडायचा, तयार चौकटीत फोटो सरकवायचे आणि साइट झाली म्हणायचं, ह्या प्रकाराचा मला भयंकर राग होता. होता म्हणतेय, कारण पुढे माझी चांगलीच जिरली.

*

पहिली जिरवली वनिताताईंनी. त्या काशीगावच्या. घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीच्या रश्श्याच्या ऑर्डरी घेतात. मी तीन रविवार फळ्यावर टॅग, म्हणजे कोडमधल्या कंसातल्या खुणा, शिकवत होते, हेडिंग कसं उघडायचं, कसं बंद करायचं. चौथ्या रविवारी त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटो, मेन्यू, नकाशा, ऑर्डरचं बटण, सगळं हजर.

"कधी केलीत?"

"काल. भाकऱ्या भाजता भाजता."

मी म्हटलं, अहो पण आत काय आहे ते तरी माहीत आहे का तुम्हाला? तर म्हणतात, "मॅडम, तुमी विटा भाजून घर बांधता. मी भाड्यानं घेतलं. ऱ्हायचंच हाय ना?"

फुकट साइटच्या तळाला कंपनी स्वतःला वाटेल ती जाहिरात लावते. वनिताताईंच्या रश्श्याखाली आली, 'महिन्याभरात वजन घटवा.' मला हसू आवरेना. त्या मात्र शांत.

"ऱ्हाऊ द्या. खाऊन जाड झालं का तितंच जातील. गिऱ्हाइकाला लांब जायला नको."

*

नया नगरच्या सलमा टीचर घरच्या हॉलमध्ये गणिताच्या शिकवण्या घेतात. त्यांनीही बिल्डरच घेतला. तयार नमुन्यात कुठल्याशा परदेशी शाळेचे फोटो होते, ते काढायचे राहून गेले. आठवड्याभरात एक बाई मुलीच्या ॲडमिशनला आल्या. चपला काढल्या, हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "टीचर, स्विमिंग पूल किधर है?"

सलमा टीचर खोटं बोलत नाहीत.

"पूल नहीं है. पानी सुबह छह बजे आता है."

बाईंनी ॲडमिशन घेतली.

*

ह्या दोघींमुळे माझा राग निम्मा उतरला होता, तेवढ्यात शिगवण काका आले. मूळचे रत्नागिरीचे, वय सत्तरच्या घरात, दृष्टी लहानपणीच गेलेली. एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. रिटायर झाल्यावर काशीगावच्या नाक्याजवळ हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान टाकलं. भजनी मंडळांच्या पेट्या यायच्या. मग समोरचा रस्ता खणला, पत्रे लागले, दुकान पत्र्यांमागे गेलं आणि गिऱ्हाईक आटलं.

"मुलगा म्हणतोय, दिवाळीनंतर गाळा भाड्याने देऊ, मोबाइल कव्हरवाला तयार आहे," काका म्हणाले. "मी त्याला म्हटलं, दिवाळीपर्यंत साइट करून बघतो. एक जरी नवं गिऱ्हाईक साइटवरून आलं तर दुकान राहील. महेश हो म्हणालाय. आता तुम्ही हो म्हणा."

मी हो म्हटलं. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, खरं सांगते.

*

काकांच्या भाच्याने बिल्डरवर एक साइट आधीच करून दिली होती. दिसायला झकास. मागे लाकडाचा रंग, पेट्यांचे फोटो, आणि वळणदार अक्षरं, तीसुद्धा फोटोतच बसवलेली. वनिताताई म्हणाल्या, "काय छान हाय ओ."

"ऐकायचीय?" काकांनी विचारलं. त्यांचा फोन पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो, फोटोतली अक्षरं तेवढी त्याला वाचता येत नाहीत. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"इमेज. इमेज. बटण. इमेज. बटण. इमेज."



"हे माझं दुकान," काका म्हणाले.

*

मला चेव आला. म्हटलं, काका, बिल्डरवरच करू, पण नीट करू. ही चौकट उचला आणि इथे ठेवा.

"कुठली?"

"ही."

"कुठे?"

"इथे."

काका हसायला लागले. मीही हसले, पण मला स्वतःची लाज वाटली. माझ्या सगळ्या शिकवण्यात 'ही' आणि 'इथे' सोडून दुसरं काही नव्हतंच. मग म्हटलं, काका, हाताने लिहू या. कोड म्हणजे शेवटी ओळी. ओळी तर ऐकता येतात.

*

टायपिंग त्यांना शाळेतच शिकवलेलं, बोटं सराईत. लॅपटॉप त्यांना प्रत्येक ओळ वाचून दाखवायचा, कंसासकट, आणि इतक्या वेगाने की आम्हाला नुसती भुणभुण. दोन रविवारांत टॅग पाठ.

एकदा माझंच पान बिघडलं. मध्यापासून खाली सगळी अक्षरं ठळक. पाऊण तास शोधतेय, सापडत नाही, सगळ्यांवर चिडचिड चाललीय. काका म्हणाले, "जरा माझ्याकडे द्या." मान तिरकी करून त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं.

"सतराव्या ओळीत उघडलंत, बंद केलं नाहीत. भाता दाबलात, सोडलाच नाही."

सतरावी ओळ बघितली आणि उठून काकांच्या पाया पडले. वीस वर्षांचा अनुभव आहे म्हणे मला.

सलमा टीचर म्हणाल्या, "अब मैं भी पड़ूँ क्या?"

*

नवरात्रात साइट झाली. पांढरं पान, काळी अक्षरं, एकच फोटो. त्या फोटोचं वर्णन काकांनी स्वतः लिहिलं: 'डावीकडे माझी सतरंजी, उजवीकडे उघडी पेटी, मध्ये हत्यारांचा डबा.' आम्ही फोटोशी ताडून पाहिलं, तंतोतंत. आणि पत्ता असा: 'नाक्यावर उतरून पत्र्यांना डावा हात लावून चाला. चहाचा वास आला की डावीकडे वळा. तिथून चाळीस पावलं.'

महेशने बघितली. "बाबा, ही सोसायटीची नोटीस वाटतेय. आणि असा पत्ता कोणी देतं का?"

दसरा गेला, फोन नाही. कोजागिरी गेली, फोन नाही. वनिताताई दर रविवारी सांगायच्या, "येतील ओ काका." काका मान हलवायचे. एका रविवारी सहज म्हणाले, हत्यारं तेल लावून गुंडाळून ठेवलीत. त्या दिवशी मी क्लास लवकर सोडला.

*

धनत्रयोदशीला दुपारी महेशचा फोन आला. "मॅडम, कव्हरवाला उद्या ॲडव्हान्स द्यायला येतोय. बाबांना तुम्हीच समजवा. माझ्याच्याने होत नाही." त्याचाही आवाज बसलेला. अंधार पडल्यावर महेश आणि मी दुकानावर गेलो. धूळ नको म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं. वाकून आत शिरलो तर मिट्ट काळोख, आणि काळोखात पेटीचा एकच सूर लांबलचक चाललेला.

"अजून किंचित वर," एका बाईचा आवाज आला.

"आता?" हा काकांचा.

"आता बरोबर."

महेश गोंधळला. "कोण आहे?"

"मी नाशिकहून आलेय," बाई म्हणाल्या. "गाणं शिकवते. पंधरा दुकानांच्या साइट ऐकल्या. इमेज, इमेज, बटण. ह्यांची एकच पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आली."



"पण दुकान सापडलं कसं?" महेशने विचारलं. "एकट्या आलात?"

"पत्ता होता की. फक्त चाळीस नाही, अडतीस पावलं आहेत."

"माझी चाळीस होतात," काका म्हणाले.

"मी भराभर चालते."

महेश भिंत चाचपत होता. इकडे हात लाव, तिकडे लाव, एका डब्याला पाय लागला. शेवटी वैतागून म्हणाला, "बाबा, लाइटचा स्विच कुठेय?"

काकांनी पेटी मिटली.

"कधी लागला नाही रे," ते म्हणाले. "मॅडम, अडतीस ते चाळीस असं लिहू ना मग?"