स्टेजखालची मडकी

अन्याय झाला तो दस्तगीरचाचांवर, माझ्या बारावीच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी. सांगलीतल्या आमच्या जुन्या नाट्यगृहाचे ते रखवालदार. तिथं लाकडी स्टेजखाली मडकी पुरलेली होती. त्यांच्यामुळं माइकशिवाय गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. प्रत्येक मैफलीआधी चाचा खाली सरपटत जाऊन एकेक मडकं बोटानं वाजवून बघायचे आणि तडकलेलं बदलायचे.

आज विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत नव्या माठात पाणी ओतलं, ओल्या मातीचा वास आला आणि तीच सकाळ समोर उभी राहिली.

नूतनीकरण म्हणे! मडकी काढायला आलेला ठेकेदार हसत होता. "चाचा, खाली स्वयंपाक करता काय?"

"आवं, आवाज ह्यांच्यामुळंच घुमतोय," चाचा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. मी गाण्याच्या तालमीला आले होते. "पोरी, एक सा लाव गं. सायबास्नी मागं बसून ऐकू दे."

मी लाजले. मान खाली घातली, सा लावलाच नाही. दुपारपर्यंत मडक्यांच्या खापऱ्या झाल्या. पुढं त्यावर फरशी बसली. चाचा शेवटच्या रांगेत एकटेच बसून होते.

तेव्हा वाटलं होतं, मडक्यांचं काय एवढं? आता त्याच नाट्यगृहाच्या दारात मी एकटी 'मडकी परत बसवा' अशी पत्रकं वाटते, लोक न वाचता पुढं जातात. त्या दिवशी चाचांच्या बाजूनं बोलू शकेल अशी अख्ख्या सभागृहात फक्त मीच होते.

तुम्ही लाजू नका. पुढच्या मैफलीला या, शेवटच्या रांगेत बसा, माइक बंद करायला लावा आणि उभं राहून मोठ्यानं सांगा, "ऐकू येत नाही!"