दोघांत एक बंदूक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मी साधी सिगारेट लपवू शकलो नव्हतो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? माहीत नाही. मध्येच थांबलो तर समजून घ्या.

इंग्लंडात बेसिंगस्टोकला आयटीत काम करणारा पुणेरी माणूस हरणांच्या शिकारीच्या नादी कसा लागतो, ते आधी सांगतो. प्रशांत माझ्याच ऑफिसातला, मूळ नागपूरचा. इथल्या शेतांवर हरणं इतकी वाढलीत की शेतकरी रीतसर परवानगी देऊन ती मारू देतात. ऑफिसातल्या एकाने दिलेलं हरणाचं मटण प्रशांतने सावजी मसाल्यात केलं, आणि आम्ही दोघंही वेडे झालो. पण छंद महाग. मग मी—हिशेबी माणूस—शक्कल काढली. दोघांत एक बंदूक. इथे ते चालतं, दोघांच्याही लायसन्सवर तीच बंदूक चढवता येते. बंदूक सेकंडहँड, वरची दुर्बीण सेकंडहँड, जाकिटं चॅरिटी शॉपमधली. ग्रॅहम नावाच्या जुन्या शिकाऱ्याने आम्हाला हाताशी धरलं आणि त्याच्या शब्दावर एका शेतकऱ्याने आपलं रान आम्हाला मोकळं केलं.

ग्रॅहमच्या दोन गोष्टींना तडजोड नव्हती. बंदुकीला धक्का लागला तर आधी कागदावर गोळ्या झाडून नेम तपासायचा, मगच रानात यायचं. आणि जनावर जखमी होऊन पळालं, किंवा तशी नुसती शंका आली, तरी त्याला फोन करायचा. तो कुत्री घेऊन येणार, माग काढणार, त्या जिवाला वेदनेतून सोडवणार. हे ज्याच्याकडून होणार नाही त्याने बंदूक हातात धरू नये, असं तो म्हणायचा.

तर—ती बंदूक माझ्या हातून पडली. घरासमोर गाडीत ठेवताना बंदुकीची पेटी निसटली आणि दुर्बिणीच्या बाजूवर आपटली. मी काचा पाहिल्या, शाबूत होत्या. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन तपासायची म्हणजे अर्धा दिवस आणि बऱ्याच गोळ्या वाया. गोळ्या काय फुकट येतात? मी तपासलं नाही. आणि प्रशांतलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी त्याची, संध्याकाळची माझी. दुपारी शेताच्या फाटकापाशी त्याने बंदूक माझ्या हातात दिली तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "साफ हुकली रे," तो म्हणाला. "किती शोधलं—रक्त नाही, केस नाही, काहीच नाही." ग्रॅहमलाही त्याने तसा मेसेज टाकला होता. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? मी म्हणालो, होतं रे असं. मनात म्हटलं, याचा हात थरथरतो.

संध्याकाळी त्याच रानाच्या दुसऱ्या टोकाला एक हरिणी बाहेर आली. मी गोळी झाडली. ती पाठीत वाकली, कमानीसारखी, आणि झाडीत शिरली. वाळलेल्या नेच्यांवर रक्त होतं, आणि रक्तात अर्धवट चघळलेलं हिरवं गवत. गोळी पोटात लागली होती. अशी हरिणी लगेच मरत नाही, हे ग्रॅहमने आम्हाला शिकवलं होतं.

फोन हातात होता. रेंज नव्हती असं म्हणणार नाही—होती. पण ग्रॅहमचा पहिला प्रश्न मला ठाऊक होता. बंदूक पडली होती का? मग परवानगी जाणार, नाव जाणार, सगळं जाणार. झाडीतून तिचा आवाज येत होता. खोकल्यासारखा, थांबून थांबून. मी बुटाने पाला ओढला, ते रक्त झाकलं आणि गाडीकडे चालत सुटलो. गाडीत बसून ग्रॅहमला मेसेज केला, आज काहीच दिसलं नाही. गोळी झाडल्याचं कुणालाच सांगितलं नाही.

काही दिवसांनी ती शेताच्या कडेच्या चरात मेलेली सापडली. ग्रॅहमने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. बंदूक एक, गोळ्याही त्याच. गोळी झाडल्याचं फक्त प्रशांतने कबूल केलेलं. ग्रॅहम ओरडला नाही. त्याला एवढंच म्हणाला, की तू मला फोन करायला हवा होतास. प्रशांतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी ग्रॅहमच्या कुत्रीकडे बघत उभा राहिलो.

प्रशांतने शिकार सोडली. लायसन्सवरून बंदूक काढून टाकली आणि त्याच्या वाट्याचे पैसे परत घ्यायला साफ नकार दिला. अख्खी बंदूक मला अर्ध्यात पडली—बोलूनचालून हिशेबी माणूस! नेम मग मी गुपचूप रेंजवर जाऊन दुरुस्त करून आणला. वीतभर सरकला होता. म्हणजे त्याची गोळी हुकली तीही माझ्याचमुळे. सावजी करणारा तो माणूस आता मटणाला हात लावत नाही. माझा फ्रीझर हरणाच्या मटणाने भरलेला असतो.

गेल्या महिन्यात आमच्याकडे जेवायला चार माणसं होती. पुण्याहून नवीन आलेल्या ओमकारने मला विचारलं, की शिकार सुरू करायची तर स्वस्तात कशी जमेल? मी रंगात येऊन सांगू लागलो. प्रशांतने हातातला घास खाली ठेवला.

"एक लक्षात ठेव, भाऊ," तो ओमकारला म्हणाला. "गोळी हुकली असं वाटलं ना, तरी फोन कर. मी नाही केला. माह्यामुळे एक हरिणी तडफडून मेली. अजून झोपेत तिचा आवाज येतो मले."

त्याने तो आवाज कधी ऐकलाच नाही. मी ऐकलाय.

काहीतरी बोलायचं म्हणून मी ओमकारला म्हणालो, बंदूक घ्यायची घाई करू नकोस, माझ्या बंदुकीत अर्धा वाटा घे, जागा रिकामीच आहे.

"हो, याच्यासोबतच शिक," प्रशांत म्हणाला. "हा लई सांभाळून करते."

मी मान हलवली आणि त्याच्या ताटात वरण वाढलं.