शुभाच्या चेहऱ्याबद्दल

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. सासूबाई गेल्या, त्यांनाही कळली नाही. जिच्या बाबतीत घडली तिला अर्धीच माहीत आहे — आणि तो अर्धा भाग मीच तिला दिला, मला सोयीचा होता तेवढा.

मी परभणीत एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक आहे. इतरांनी लिहिलेलं तपासायचं, कापायचं, मथळा द्यायचा, हे माझं काम. काय घडलं ते पहिल्याच वाक्यात आलं पाहिजे, असं मी नव्या मुलांना सांगते. इथे मला ते जमत नाहीये. लिहायला घेतलं की हात मागच्या कुठल्यातरी तपशिलाकडे जातो. तर मागचं आधी सांगते.

शुभांगी माझी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती कॉलेजात होती. मागची खोली तिची. आमच्या खोलीत पलंग, कपाट आणि पुढे बाळाचा पाळणा. कपाटाचं दार उघडलं की पाळण्याला धडकायचं, बाळ दचकून उठायचं. प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच यायचं — हिचं लग्न कधी होणार? तिच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नव्हतं. हे वाक्य लिहिलं खरं, पण बातमीत असतं तर मी त्याला आधार मागितला असता.

शुभा सावळी. मुलाकडचे यायचे, पोहे खायचे, कळवतो म्हणून जायचे. आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण गोरं होण्याची एक ट्यूब लावायची, मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणारी. ती मी शुभाला आणून दिली. थोड्याच दिवसांत तिचा चेहरा उजळला. शेजारच्या बायका विचारायला लागल्या, शुभा, काय लावायलीस? ती लाजून माझ्याकडे बघायची. ट्यूब संपली की दुसरी मीच आणायचे.

त्याच हिवाळ्यात आरोग्याच्या पानाचा मजकूर माझ्याकडे आला. विषय हाच — अशा ट्यूब. त्यांत स्टिरॉइड असतं, कातडी आतून पातळ होत जाते, लावणं थांबवलं की चेहरा लाल होऊन आग होते. शेवटच्या परिच्छेदात होतं की अशा चेहऱ्यावर साल काढण्याचे उपचार करू नयेत. ट्यूब पूर्ण बंद करून काही महिने थांबावं, आणि डॉक्टरांपासून हे लपवू नये. मी तो मजकूर दोनदा वाचला. मथळा मी दिला. पान छपाईला गेलं. घरी जाताना मी मेडिकलवर थांबले आणि ट्यूब घेतली. शुभाची संपत आली होती.

का घेतली? मला वाटलं, एवढं काय होणार आहे. आणि आता बंद केली तर चेहरा लाल होईल, आणि कुणाच्या सांगण्यावरून लावत होती हे निघेल.

मग गंगाखेडचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात कारकून, शांत, नीट बोलणारा. शुभाला तो मनापासून आवडला. हे मी ठासून सांगते, कारण पुढे घरात सगळे असं धरून चालले की ते एक स्थळ होतं, गेलं. तसं नव्हतं. ती त्याच्याशी फोनवर बोलायची आणि मागच्या खोलीतून तिचं हसणं ऐकू यायचं. ती तशी हसते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मुलाची आत्या मात्र जाताना दारात थबकून म्हणाली, फोटोत जरा उजळ वाटली होती. एवढंच. साखरपुडा वैशाखात ठरला, लग्न ज्येष्ठात. आषाढ लागला की मुहूर्त नाहीत, मग थेट तुळशीच्या लग्नानंतर. म्हणजे काहीही लांबलं तर अर्धं वर्ष लांबणार होतं. ते गणित घरातल्या प्रत्येकाने मनात केलं होतं. माझ्या गणितात पाळणाही होता.

शेजारणीच्या मुलीने लग्नाआधी केमिकल पील करून घेतलं होतं. तिचा चेहरा आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. औषधाने वरची मेलेली कातडी काढतात, खालून नवी येते, असं मी घरी समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "साल काढायला ती काय बटाटा हाय का?" सगळे हसले, शुभाही. मग त्याच म्हणाल्या की घेऊन जा, तुला चार गोष्टी कळतात. तेव्हा घेऊन मी गेले.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. शहरात नव्याने आलेल्या, मोबाइलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दवाखाना. घाई करणाऱ्या नव्हत्या, हे मुद्दाम नोंदवते. त्यांनी चेहरा उजेडात वळवून पाहिला, गालावर बोट ठेवून कातडी हलकेच ताणली. मग शुभाला विचारलं, चेहऱ्याला काय लावता? मेडिकलवरून आणलेली एखादी ट्यूब? खरं सांगा, कारण तसं असेल तर आत्ता करता येणार नाही.

शुभाने माझ्याकडे पाहिलं. ती कुठेही गेली की तसंच करायची. घरात मोठ्यांसमोर आपण आधी बोलायचं नाही ही तिची सवय होती. आणि माझी सवय — दुसऱ्याच्या वतीने, नेमक्या शब्दांत उत्तर द्यायची.

मी म्हणाले, "काही नाही. घरचं बेसन आणि साय."

इतकं सहज आलं ते. बेसन आणि साय हा तपशील मी जोडला, कारण तपशील असला की विधान खरं वाटतं.

त्यांनी आधी छोटी चाचणी घेतली. चेहऱ्यावर डाग नको म्हणून कानामागे औषध लावून पाहिलं. काही झालं नाही. होणारच नव्हतं — शुभा ट्यूब गालांना, कपाळाला, हनुवटीला लावायची. कानामागे कोण लावतं? हे मला तिथेच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणाल्या, छान, त्वचा सोसतेय. मी मान हलवली.

रिक्षात शुभा म्हणाली, "वहिनी, ट्यूबचं सांगायला पाहिजे होतं का?"

मी म्हणाले, त्याने काही फरक पडत नाही, फक्त आजपासून बंद कर.

तिने बंद केली. डॉक्टरांनी तयारीसाठी दिलेलं सगळं ती नेमाने करत होती: सनस्क्रीन, साधं मलम, ब्लीच नाही, थ्रेडिंग नाही, बाहेर पडताना स्कार्फ. पण चेहरा लाल व्हायला लागला. पुटकुळ्या आल्या. रात्री ती ओला रुमाल घेऊन बसायची. हे अगदी त्या मजकुरात लिहिल्याप्रमाणे होत होतं, त्याच क्रमाने. अशा चेहऱ्याने गेली असती तर डॉक्टरांनी परत पाठवलं असतं. मी तिला म्हणाले, थोडी थोडी लाव पुन्हा, पीलच्या आदल्या दिवसापर्यंत. तिने लावली. लाली गेली, चेहरा पुन्हा उजळला. आरशात बघून ती मला म्हणाली की तुमचं बरोबर होतं.

पीलच्या दिवशी मी तिच्या उशाशी उभी होते. केसांवर टोपी, डोळ्यांवर ओला कापूस. डॉक्टर ब्रशने औषध लावत होत्या, दुसऱ्या हाताने छोटा पंखा धरून. थोडी चुरचुर होईल, म्हणाल्या. शुभाने माझं बोट धरलं. मग पकड घट्ट होत गेली.

"वहिनी, लय आग व्हायलीय."

मी काही बोलायच्या आत डॉक्टरांचा पंखा थांबला. गालावर पांढरे ठिपके उमटत होते, चुन्याचा हात फिरावा तसे. त्यांनी ब्रश टाकला, औषधाचा जोर मारणारं पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, बर्फाच्या पट्ट्या ठेवल्या. हात भराभर चालत होते, पण आवाज शांत होता. शुभा रडत नव्हती. तिचे पाय मात्र चादरीवर घासत होते. मला बाजूला नेऊन डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "ताई, खरंच काही लावत नव्हत्या? आत्ता सांगितलं तरी चालेल, मला पुढचं औषध त्यावर ठरवायचंय."

आत्ता सांगितलं तरी चालेल — एवढी सरळ सवलत मला आयुष्यात क्वचितच कुणी दिली असेल. मी म्हणाले, नाही.

पुढचं औषध त्यांनी त्या उत्तरावर ठरवलं.

नंतरचे दिवस शुभा मागच्या खोलीत होती. खिडकीला जाड पडदा, उन्हाची तिरीपही नको. स्वयंपाकघराची वाफ नको, हात लावायचा नाही, साल ओढायची नाही, हळद तर अजिबात नाही. ती सगळं पाळत होती. चेहरा आधी सुजला, मग ताणून चकचकीत झाला, मग तडकला. साल निघायची तशी निघाली, पण खाली नवी गुलाबी कातडी नव्हती. ओल होती, आणि ओल सुकली तिथे काळपट चट्टे. ती मला विचारायची, हे असंच असतं ना? शेजारणीच्या मुलीचंही असंच झालेलं? मी म्हणायचे, असंच असतं. फोन आला की ती त्या मुलाशी आधीसारखीच बोलायची, फक्त हसताना गाल ताणू नये म्हणून ओठ जवळ ठेवून. ते हसणं वेगळं ऐकू यायचं. दारापलीकडून मी ते ऐकायचे.

साखरपुडा पुढे ढकलू, असं कुणीच म्हणालं नाही. मी म्हणू शकले असते. मी मेकअप आणला.

चट्ट्यांवर फाउंडेशनचा थर दिला. लांबून चेहरा बरा दिसत होता, फोटोत तर छानच. पाहुणे बसले. आत्याने शुभाकडे नीट पाहिलं आणि बाजूला बसलेल्या बाईला काहीतरी चांगलं म्हणाली. मुलगा समोर बसून चोरून बघत होता. शुभाने एकदा माझ्याकडे पाहिलं — तो आनंद होता, दुसरं काही नव्हतं.

मग मुलाची आई उठली. आपल्याकडे होणारी सासू मुलीची ओटी भरते, तिला हळद-कुंकू लावते. ते कसं टाळणार? त्यांनी बोटाने हळद लावली, मग अंगठ्याने कुंकू, दाबून, मायेने, वरच्या बाजूला ओढत. शुभा कळवळून मागे झाली. त्या बाई आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. कुंकवासोबत त्यावर कातडीचा एक ओला तुकडा होता. शुभाच्या कपाळातून पाझरायला लागलं आणि मेकअपमधून ओघळ खाली आला.

आत्या म्हणाली, "पोरीला काय हाय म्हणायचं हे?"

सासूबाई म्हणाल्या, उन्हाळ्याचं. कुणी काही वाद घातला नाही. पाहुणे जेवले, ताटात काही टाकलं नाही, मानपान घेऊन गेले. काही दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की यंदा त्यांच्याकडे योग नाही. मुलाचा फोन शुभाला त्याआधीच यायचा थांबला होता.

घरात सगळ्यांनी डॉक्टरांना धरलं. पोरीचं तोंड जाळलं, असं सासूबाई म्हणत राहिल्या. नवरा दवाखान्यात जाऊन जिन्यावर ओरडून आला. बायका खाली थांबून ऐकत होत्या. मी त्याच्यासोबत होते. डॉक्टरांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षी मोबाइलच्या दुकानावरची दवाखान्याची पाटी उतरली.

पण मी सांगायला बसले ते हेही नाही. ते यानंतरचं आहे.

निरोप आला त्या संध्याकाळी शुभा मला म्हणाली, डॉक्टरची चूक नाही बहुतेक, मी ट्यूब लावत होते, आपण दादाला सांगू. तिने 'आपण' म्हटलं. दोष माझा असू शकतो हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मी दार लोटून घेतलं आणि तिला म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. लोक म्हणतील, स्वतःच्या हाताने तोंड घालवलं. मी कुणाला कळू देणार नाही."

तिने खाली मान घातली. तेव्हापासून ती हेच मानते — स्वतःच्या हाताने.

मला सगळं आधी माहीत होतं, मी वाचलं होतं, मथळा दिला होता, हे तिला माहीत नाही. पुन्हा लावायला मी सांगितलं होतं, हे ती विसरलेली नाही; पण त्यातही तिला मीच तिच्या भल्याचं बघताना दिसते.

ती आता सोनपेठला शाळेत शिकवते, एकटी राहते. इथल्या सगळ्याच मुली उन्हात स्कार्फ बांधतात, ती घरात आल्यावरही लवकर सोडत नाही. पुढे स्थळं आली ती तिने बघितली नाहीत.

मागच्या भाऊबीजेला आली होती. ओवाळून झालं, पुरुष बाहेर बसले, आम्ही दोघी स्वयंपाकघरात जेवत होतो. मध्येच आवाज खाली करून ती म्हणाली, "वहिनी, ट्यूबचं तुमी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. दादालाही नाही. माझी लाज राखली तुमी."

मी तिला म्हणाले, असू दे. आणि तिच्या ताटात भात वाढला.